श्रेयनामावली संपायच्या आत

'एलियन ३'ची पहिली मिनिटं आठवून बघा. काळ्याशार अवकाशावर एकेक नाव उमटतं आणि दोन नावांच्या मधल्या फटीत काहीतरी दिसून विझतं. जहाजात कुठूनसं आलेलं एक अंडं. काचेच्या पेटीत गाढ झोपलेली माणसं. काचेला गेलेला तडा. आम्लाचा थेंब, धूर, आग. मग झोपलेल्यांना घेऊन सुटकेचं छोटं यान मोठ्या जहाजापासून अलग होतं आणि एका ओसाड ग्रहावर जाऊन आदळतं. श्रेयनामावली नुकतीच संपलेली असते. पुढच्या काही मिनिटांत कळतं, की आधीच्या सिनेमात वाचवलेली लहान मुलगी, न्यूट, गेली. तिच्या पेटीतच बुडून मेली. हिक्स हा सैनिकही गेला. बिशप हा यंत्रमानव मोडून भंगारात पडला. वाचली ती एकटी नायिका, रिप्ली.

हा सिनेमा २२ मे १९९२ रोजी अमेरिकेत लागला. ज्यांनी सहा वर्षं त्याची वाट पाहिली होती, ते लोक त्या दिवशी थिएटरमधून जो राग घेऊन बाहेर पडले, तो तीस वर्षांहून अधिक काळ टिकला आहे. सिनेमे पडतात, लोक नाराज होतात, विसरतात. हे मात्र विसरले नाहीत. या रागाबद्दल मला पुष्कळ दिवस लिहायचं होतं, कारण तो माझाही आहे. आणि तो पोरकट नाही, असं मला मनापासून वाटतं.

तो समजून घ्यायचा तर आधीच्या सिनेमाकडे जावं लागतं. १९७९ साली रिडली स्कॉट यांचा 'एलियन' आला. नोस्ट्रोमो नावाच्या मालवाहू जहाजावर सात माणसं, एक मांजर आणि एक श्वापद. शेवटी रिप्ली आणि मांजर तेवढे उरतात. १९८६ साली जेम्स कॅमेरॉन यांनी 'एलियन्स' केला. त्यात रिप्लीला जाग येते ती सत्तावन्न वर्षांनी. थिएटरात दाखवलेल्या प्रतीतून गाळलेला आणि नंतरच्या वाढीव आवृत्तीत परत घातलेला एक प्रसंग आहे. रिप्लीला तिच्या मुलीचा फोटो दाखवला जातो. अकराव्या वाढदिवसाला घरी येते, असं तिला सांगून आई निघाली होती. फोटोत म्हातारी बाई आहे. मुलगी सहासष्टाव्या वर्षी वारली, आई अजून तरुण आहे. सिगर्नी वीव्हर हिचा चेहरा त्या फोटोकडे बघताना जे करतो, ते शब्दांत पकडायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

त्यानंतर न्यूट येते. एका उद्ध्वस्त वसाहतीत हवेच्या नळ्यांमधून सरपटत जगलेली, कुणाशी न बोलणारी, मळकट तोंडाची लहान मुलगी. आईबाप, भाऊ, शेजारीपाजारी सगळे गेलेले. रिप्ली तिचं तोंड पुसते आणि मळाखालून एक गोड चेहरा वर येतो. तुला सोडून जाणार नाही, असा शब्द ती तिला देते. सिनेमाचा पुढचा सगळा डोलारा या एका शब्दावर उभा आहे. अणुभट्टीचा स्फोट व्हायला थोडीच मिनिटं उरलेली असताना, सुटायची वाट समोर मोकळी असताना, रिप्ली दोन बंदुका चिकटपट्टीनं एकत्र बांधते आणि मुलीला आणायला खाली उतरते. राणी-एलियनशी तिची झुंज सगळ्यांना आठवते. मला त्याहून जास्त आठवतात लिफ्टमधून खाली जातानाचे तिचे हात, जे थांबत नाहीत. शेवटी न्यूट तिला आई म्हणून बिलगते. मग दोघी, हिक्स आणि अर्धा उरलेला बिशप काचेच्या पेट्यांमध्ये झोपतात. स्वप्नं पडू शकतील का, असं मुलगी विचारते. रिप्ली हो म्हणते.

ही रिप्ली साकारल्याबद्दल वीव्हर यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. विज्ञानपटातल्या, बंदूक हातात घेतलेल्या नायिकेला ते मिळणं त्या काळी जवळपास अशक्य वाटणारी गोष्ट होती. पण नामांकन बंदुकीला मिळालं नव्हतं.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिलं, कारण चाहत्यांच्या नाराजीवर बोलताना लोक बहुतेक वेळा नाराज करणाऱ्या सिनेमापासूनच सुरुवात करतात आणि आधीच्या सिनेमानं प्रेक्षकाकडून काय मागून घेतलं होतं, ते सांगायचं राहतं. 'एलियन्स'नं आपल्याला सांगितलं, की या मुलीचं जगणं ही जगातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, तिच्यासाठी जीव धोक्यात घालणं योग्य आहे. आपण ते मानलं. दोन तास आपण श्वास रोखून तेच मानत बसलो. आणि पुढच्या सिनेमानं पहिल्या रिळातच ते पुसून टाकलं. रागाचं मूळ इथे आहे. 'आमची आवडती पात्रं मेली' एवढीच तक्रार असती, तर ती केव्हाच विरली असती.

मी हे दोन्ही सिनेमे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, ठाण्याच्या घरी पाहिले. 'एलियन्स' व्हिडिओ लायब्ररीतून आणलेल्या कॅसेटवर, तोही इतक्या वेळा, की दादाला आणि मला सैनिकांचे संवाद पाठ होते. 'एलियन ३' केबलवर लागला तेव्हा आम्ही दोघंच जागे होतो. शवागाराचा प्रसंग आला तसा दादा उठला. "हे झालंच नाही," तो म्हणाला. "ते चौघं झोपलेत आणि घरी चाललेत. आपल्यासाठी गोष्ट तिथे संपली." मी बसून राहिले आणि शेवटपर्यंत पाहिला. त्या रात्री आम्ही दोघांनी जे केलं, ते दोन्ही त्या सिनेमाचे चाहते जगभर करत आले आहेत. काही जण उठले, काही बसून राहिले. आणि त्या दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.

मुळात तो सिनेमा असा का झाला, याची हकिकत आता सर्वांना ठाऊक आहे, तरी ती पुन्हा सांगण्यासारखी आहे. तिसरा भाग करायचा हे ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सनं ठरवलं होतं; त्यात काय सांगायचं, हे मात्र ठरलेलं नव्हतं. विल्यम गिब्सन यांनी पहिली पटकथा लिहिली. त्यांच्या गोष्टीत रिप्ली बहुतेक वेळ बेशुद्ध आहे आणि हिक्स नायक आहे. ती बाजूला पडली. एरिक रेड यांनी वेगळी लिहिली. डेव्हिड टूही यांनी तुरुंगग्रह आणला. न्यूझीलंडचे दिग्दर्शक व्हिन्सेंट वॉर्ड यांनी तर लाकडाचा ग्रह कल्पिला होता, ज्यावर यंत्रं नाकारलेले साधू राहतात आणि आकाशातून पडलेली रिप्ली त्यांना अरिष्ट वाटते. ही कल्पना मला आजही वेड लावते. वॉर्ड गेले, साधूंचे कैदी झाले, मठाची शिसं ओतणारी भट्टी झाली, पण साधूंची श्रद्धा कैद्यांच्या अंगावर तशीच राहिली. मुंडण केलेले, ब्रह्मचर्याची शपथ घेतलेले, जगाच्या अंताची वाट बघणारे खुनी आणि बलात्कारी. सिनेमातली सगळ्यात मौलिक गोष्ट अशी एका टाकून दिलेल्या पटकथेची उरलेली खूण आहे.

या सगळ्यात सेट उभे राहत होते आणि पैसे खर्च होत होते. पटकथा पुरी नसताना जानेवारी १९९१ मध्ये लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत शूटिंग सुरू झालं. दिग्दर्शक होता अठ्ठावीस वर्षांचा डेव्हिड फिंचर, गाण्यांचे व्हिडिओ आणि जाहिराती करून नाव कमावलेला, पहिलाच सिनेमा करणारा. रोज लिहायचं, रोज भांडायचं, रोज शूट करायचं. कॅमेऱ्यामागचे जॉर्डन क्रोननवेथ पार्किन्सनच्या आजारामुळे थोड्याच दिवसांत थांबले आणि ॲलेक्स थॉमसन आले. शेवटी संकलनही फिंचरच्या हातात राहिलं नाही. या सिनेमाचा माझ्याइतका तिरस्कार कुणीच करत नाही, असं त्यानं पुढे मुलाखतीत सांगितलं. त्याच माणसानं १९९५ साली 'सेव्हन' केला.

आणि न्यूट? ती भूमिका केलेली कॅरी हेन तोवर चौदा-पंधरा वर्षांची झाली होती. झोपेतून उठणारी तीच लहान मुलगी पडद्यावर आणायची, तर कथेतच वर्षं पुढे न्यावी लागली असती. हिक्स झालेल्या मायकल बीनला बोलावलंच नाही. त्याचा फोटो संगणकाच्या पडद्यावर दिसतो, त्याचे पैसे त्यानं मागून घेतले. रिप्लीला पुन्हा एकटं करायचं होतं, म्हणून बाकीचे गेले. प्रेक्षकाला हे कारण कुणी सांगत नाही, तरी ते त्याला जाणवतंच. गरज म्हणून आलेलं मरण आणि सोय म्हणून आणलेलं मरण यांतला फरक गोष्टी ऐकत वाढलेल्या कुणालाही कळतो.

झोपलेल्यांना मारणं गोष्टीत चालतच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. आपल्याकडे त्यासाठी एक अख्खं पर्व आहे. युद्ध संपलेलं आहे, पांडव जिंकलेले आहेत, आणि रात्री अश्वत्थामा शिबिरात शिरून द्रौपदीच्या पाचही मुलांना झोपेत कापून काढतो. विजयानंतर, मुलांना, झोपेत. न्यूटचं मरण नेमकं हेच आहे. पण महाभारत तिथे घाई करत नाही. सौप्तिक पर्वात ती रात्र पूर्ण सांगितली जाते, द्रौपदी अन्न सोडून बसते, अश्वत्थाम्याच्या कपाळीचा मणी आणल्याशिवाय उठत नाही, आणि त्यानंतरचं स्त्रीपर्व हे सगळं रडणंच आहे. ऐकणाऱ्याला दुःख करायला जागा मिळते, वेळ मिळतो, सोबत मिळते. न्यूटचं मरण दोन नावांच्या मधे उरकलं गेलं. चाहत्यांनी पुढची तीस वर्षं जे केलं, ते मला त्या न मिळालेल्या वेळाची भरपाई वाटतं.

तरी त्या रात्री मी बसून राहिले, त्याचं कारण सांगायला हवं. अपघातानंतर शुद्धीवर आलेल्या रिप्लीला तुरुंगाचा डॉक्टर क्लेमेन्स शवागारात नेतो. न्यूटच्या शरीरात त्या श्वापदाचं पिल्लू वाढत असेल, ही तिची भीती आहे. ती खरं सांगू शकत नाही, म्हणून पटकीचं निमित्त पुढे करते आणि शवविच्छेदन करायला लावते. ज्या मुलीला तिनं स्फोटातून उचलून आणलं, तिची छाती उघडताना करवतीचा आवाज आपण ऐकतो आणि कॅमेरा रिप्लीच्या चेहऱ्यावर राहतो. त्या चेहऱ्यावर शोक आणि संशय एकाच वेळी आहेत. आत काही नसतं. मुलगी फक्त बुडून मेलेली असते. मग भट्टीवर अंत्यविधी होतो, डिलन हा कैदी उठून प्रत्येक शेवटात नवी सुरुवात असल्याचं बोलतो, पांढऱ्या कापडातले दोन देह ज्वाळांत सोडले जातात, आणि त्याच क्षणी तुरुंगाच्या दुसऱ्या टोकाला एका कुत्र्याच्या पोटातून ते श्वापद जन्म घेतं. एलियट गोल्डनथल यांचं संगीत त्या वेळी चर्चमधल्या प्रार्थनेसारखं चढत जातं.

सोयीसाठी झालेल्या त्या निर्णयाला सिनेमातल्या लोकांनी सोयीनं वागवलं नाही, असं मला दर वेळी वाटतं. वरच्यांनी मुलीला मारलं. सेटवरच्यांनी तिचं सुतक पाळलं. वीव्हर यांनी डोकं भादरून, डोळे तांबारलेले ठेवून जी रिप्ली केली आहे, ती आता कशालाच भीत नाही, कारण घाबरावं असं काही उरलेलंच नाही. भयपटाच्या मालिकेत इतका प्रामाणिक शोक मी दुसरीकडे पाहिलेला नाही. म्हणून हा सिनेमा वाईट आहे, असं मी कधी म्हणणार नाही. त्यानं केलेलं नुकसान खरं आहे आणि त्यातलं सौंदर्यही खरं आहे, आणि एकानं दुसरं फिटत नाही.

चाहत्यांनी काय केलं, ते आता. डार्क हॉर्स या प्रकाशनानं १९८८ पासूनच कॉमिक्समधून 'एलियन्स'ची गोष्ट पुढे नेली होती. त्यांत न्यूट मोठी झालेली आहे, दुःस्वप्नांनी पछाडलेली, आणि चेहऱ्यावर व्रण घेऊन जगणारा हिक्स तिला शोधत येतो. 'एलियन ३' आल्यावर ही दोघं अधिकृतरीत्या मेलेली ठरली. तेव्हा नव्या छपाईत नावं बदलली गेली. न्यूटची बिली झाली, हिक्सचा विल्क्स. तीच चित्रं, तेच संवाद, फक्त नावं परकी. वाचणारे मात्र मनात जुनीच नावं वाचत राहिले. पुढे २०१६ साली, 'एलियन्स'ला तीस वर्षं झाली तेव्हा, विशेष आवृत्तीत खरी नावं परत आली. इतक्या वर्षांनी दोन शब्द पूर्ववत छापले जाणं ही किती छोटी गोष्ट, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

२०१३ च्या एका व्हिडिओ गेमनं हिक्सला जिवंत ठरवलं आणि त्याच्या पेटीतला देह दुसऱ्याचा होता, असं सांगितलं. गेम अगदी सुमार होता, आणि सुमार कामातून मिळालेला दिलासा कुणाला लागला नाही. २०१५ साली दिग्दर्शक नील ब्लोमकँप यांनी नव्या सिनेमासाठी केलेली रेखाटनं लोकांसमोर ठेवली. त्यांत रिप्लीशेजारी व्रणाचा हिक्स उभा होता. किती लोक त्या चित्रांवर तुटून पडले! तो सिनेमा झाला नाही. पण २०१९ साली गिब्सन यांची ती टाकून दिलेली पटकथा ध्वनिनाट्य म्हणून आली, आणि त्यात हिक्सचा आवाज मायकल बीनचा, बिशपचा आवाज लान्स हेन्रिकसनचा. ज्याला बोलावलं नव्हतं, तो माणूस अठ्ठावीस वर्षांनी येऊन आपले संवाद बोलला. मी ते हेडफोन लावून एका बैठकीत ऐकलं. नाट्य म्हणून ते काही थोर नाही. आवाज ओळखीचे होते, तेवढं पुरे होतं.

नाराजीचं दुसरं रूपही आहे आणि त्याच्याविषयी मला काहीही सहानुभूती नाही. १९९९ च्या 'स्टार वॉर्स'मधल्या जार जार बिंक्स या पात्राचा राग लोकांनी ते साकारणाऱ्या अहमद बेस्टवर काढला. तो आत्महत्येच्या उंबरठ्यापर्यंत गेला होता, हे त्यानं २०१८ साली स्वतः सांगितलं. त्याच वर्षी 'द लास्ट जेडाय'मधल्या केली मरी ट्रॅननं तिच्या वंशावरून आणि दिसण्यावरून झालेल्या शिवीगाळीनंतर इन्स्टाग्रामवरचं सगळं काढून टाकलं. गोष्टीवर प्रेम असणाऱ्याचा राग गोष्टीशी भांडतो. जो नटाच्या दारात दगड घेऊन उभा राहतो, त्याला गोष्टीशी काही देणंघेणं नसतं. त्याला दगड मारायला निमित्त हवं असतं. कॅरी हेननं पुढे कधी सिनेमात कारकीर्द केली नाही, ती शिक्षिका झाली. चाहत्यांच्या मेळाव्यात ती भेटते तेव्हा लोक तिच्याशी किती मायेनं वागतात, हे मी चित्रफितींत पाहिलं आहे. तीही याच चाहत्यांची गोष्ट आहे.

या हकिकतीतला सगळ्यात विचार करायला लावणारा भाग कॅमेरॉन यांचा आहे. न्यूट आणि हिक्स यांना असं मारणं त्यांना अजिबात पटलं नव्हतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. आणि २०१९ साली, ते स्वतः निर्माते आणि कथेचे भागीदार असलेला 'टर्मिनेटर: डार्क फेट' सुरू होतो, तोच कोवळ्या जॉन कॉनरला गोळ्या घालून. ज्याला वाचवण्यासाठी आधीचे दोन सिनेमे लढले, तो मुलगा सुरुवातीलाच आईच्या डोळ्यांदेखत मरतो. प्रेक्षक तसेच चिडले, त्याच शब्दांत चिडले. यावरून कॅमेरॉन यांना दोष देणं सोपं आहे. मला त्यातून दिसतं ते एवढंच, की पुढचा भाग लिहायला बसलेल्या प्रत्येकासमोर मागचा सुखान्त अडथळा म्हणून उभा राहतो. सुखी माणसांची गोष्ट पुढे न्यायची कशी, हे कठीण काम आहे. त्यांना मारून टाकलं, की कोरा कागद मिळतो. हा मोह ज्याला स्वतः त्याचा घाव बसला होता, त्यालाही आवरला नाही.

कोऱ्या कागदाची किंमत मात्र मोजावी लागते, आणि या मालिकेत ती मोजलेली दिसते. १९९७ चा चौथा भाग दोनशे वर्षं पुढे पळाला. त्यानंतरचे सिनेमे मागे गेले. २०२४ चा 'एलियन: रोम्युलस' पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधल्या वर्षांत घडतो, २०२५ ची 'एलियन: अर्थ' ही मालिका पहिल्याच्याही आधी. न्यूटचं यान कोसळलं त्याच्या लगेच नंतरच्या वर्षांत पाऊल ठेवायला कुठलाही सिनेमावाला अजून धजलेला नाही.

कुणाला हा सिनेमा आता पहिल्यांदा बघायचा असेल, तर २००३ साली डीव्हीडीसंचात आलेली लांब आवृत्ती बघावी. फिंचरनं त्यात भाग घेतला नाही, तरी ती त्याच्या मूळ जुळणीवरून केलेली आहे आणि सुमारे अर्ध्या तासानं मोठी आहे. त्यात कुत्र्याऐवजी बैल आहे, आणि गॉलिक या वेडसर कैद्याची गोष्ट पुरी होते. थिएटरच्या प्रतीत तो बिचारा मधेच कुठेतरी नाहीसा होतो. कैद्यांना त्यात चेहरे मिळतात. फक्त एका जागी मला थिएटरची प्रत जवळची वाटते. रिप्लीच्या पोटात राणी वाढते आहे आणि ती या श्वापदांच्या मागे लागलेल्या कंपनीच्या हाती लागू नये म्हणून रिप्ली भट्टीत झोकून देते. लांब आवृत्तीत ती नुसती पडते. थिएटरच्या प्रतीत पडता पडता ती राणी छाती फाडून बाहेर येते आणि रिप्ली तिला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवते. बहुतेक चाहत्यांना हा शेवट भडक वाटतो आणि त्यांच्याशी मी याबद्दल पुष्कळ वाद घातला आहे. मला तो बरोबर वाटतो. लिफ्टमधून खाली उतरलेले हे तेच हात आहेत, आणि धरलेलं सोडायचं नाही, एवढं तरी तिच्या हातांत तिसऱ्या सिनेमानं राहू दिलं. दादाला हे मी अनेकदा सांगून पाहिलं. त्यानं अजून तो सिनेमा पुरा पाहिलेला नाही.